गर्वाचे घर खाली

टॉमस हार्डी हे इंग्लंडमधील एक थोर कादंबरीकार होते. त्यांची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ ही कादंबरी १८८६ साली प्रसिद्ध झाली. मेयर म्हणजे नगराध्यक्ष. कादंबरीतील कॅस्टरब्रिज म्हणजे इंग्लंडमधील डॉर्चेस्टर हे गाव होय.

मायकेल हेंचर्ड हा गवताचे भारे बांधणारा मजूर. एका जत्रेत तो दारू मिसळलेली खीर पितो. नशेत तो आपली बायको व तान्ही मुलगी यांना पाच गिनींना एका खलाशाला विकतो! सकाळी त्याला फार पश्चात्ताप होतो. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षे असते. पुढील एकवीस वर्षे दारूला स्पर्श करणार नाही, अशी तो शपथ घेतो.

शपथ तो पाळतो. कष्ट करून तो कॅस्टरब्रिजमधला धान्याचा मोठा व्यापारी आणि नगराध्यक्ष होतो. पण त्याचा स्वभाव तापट व गर्विष्ठ असतो. एबल व्हिटल नावाचा मजूर रोज कामावर उशिरा येतो. हेंचर्ड एकदा त्याला विजार न घालताच कामावर जायला लावतो. फारफ्रे हा तरुण व्यवस्थापक व्हिटलला कपडे घालण्यासाठी घरी परत पाठवतो. लोक फारफ्रेची स्तुती करतात. हेंचर्डला ते सहन होत नाही. तो फारफ्रेला कामावरून काढतो.

फारफ्रे स्वतःचा व्यापार सुरू करतो. त्याला हरवण्यासाठी हेंचर्ड खूप धान्य विकत घेतो. पाऊस पडून पीक बुडेल, असे त्याला वाटते. पण ऊन पडते व भाव उतरतात. तो घाईने धान्य विकतो. नंतर हवा बिघडते व भाव चढतात! हेंचर्डचे दिवाळे निघते. त्यातच खीर विकणारी म्हातारी भर न्यायालयात त्याचे जुने पाप सांगते. न्यायाधीशाच्या जागी हेंचर्डच बसलेला असतो. तरीही तो खोटे बोलत नाही. तो आपला गुन्हा कबूल करतो.

शेवटी माळरानावरील एका पडक्या झोपडीत त्याला मरण येते. आपली कोणी आठवण ठेवू नये, असे तो लिहून ठेवतो. त्या वेळी त्याची सेवा कोण करतो? एबल व्हिटल! हेंचर्डने पूर्वी व्हिटलच्या गरीब आईला थंडीत कोळसा दिलेला असतो. व्हिटल अपमान विसरतो, उपकार विसरत नाही.

मुलांनो, हेंचर्डचा खरा शत्रू फारफ्रे होता, की त्याचा स्वतःचा गर्व? विचार करा.