आधी कोणाकडे?

समजा, नायगावातील एखाद्या वृद्धाश्रमात पहाटेचे पाच वाजले आहेत. रात्रपाळीची परिचारिका एकटी आणि तिची वाट पाहणारी माणसे चार! एक आजोबा चहासाठी मोठमोठ्याने ओरडत आहेत. एक आजी शौचाला जाण्यासाठी काठी चाचपडत आहेत. दुसऱ्या आजी दोन तास एकाच कुशीवर आहेत. त्यांना स्वतःहून वळता येत नाही. चौथे आजोबा मधुमेही. रोज लोकलचा आवाज ऐकून ते अचूक वेळ सांगतात. आज मात्र गप्प आहेत. विचारले तर काहीतरी असंबद्ध पुटपुटतात.

मित्रांनो, तुम्ही प्रथम कोणाकडे जाल? परिचारिका जाते ती चौथ्या आजोबांकडे.

तरुणाला न्यूमोनिया झाला की ताप फणफणतो. वृद्धांत कधी कधी ताप येतच नाही. एकाएकी उडालेला गोंधळ हीच पहिली खूण असते. शिवाय मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज. १०० मिलिलिटर रक्तात ते ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले, की साखर कमी झाली असे समजतात. म्हणून ती आधी श्वास पाहते, मग नाडी, आणि बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासते. साखर कमी निघाली आणि आजोबांना नीट गिळता येत असेल, तर लगेच साखरपाणी!

इकडे काठीवाल्या आजी एकट्याच उठल्या तर? पडून खुब्याचे हाड मोडायचे! म्हणून जाताजाताच तिने त्यांना बजावलेले असते, "आजी, उठू नका हं, मी आलेच." दुसरा क्रम त्यांचा. मग कूस बदलणे. हाडाखाली दबलेल्या त्वचेला रक्त पोहोचले नाही, तर शय्याव्रण होतात.

चहा सर्वांत शेवटी. आजोबा रागावतील खरे. पण इतक्या जोरात ओरडणाऱ्याचा श्वास ठीक चालला आहे, हे तिला दारातूनच कळलेले असते.