गोठलेल्या संगणकाचा पंचनामा

बोरीवलीहून सकाळी चर्चगेटकडे लोकल निघते, तेव्हा रेल्वेने विकलेल्या पासांइतक्या जागा तिच्यात नसतात. सगळे पासधारक एकाच गाडीला येणार नाहीत, या हिशेबावर हा कारभार चालतो. संगणकातील मेमरीही अशीच वाटली जाते. लिनक्स ही युनिक्सच्या घराण्यातील प्रणाली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रोग्रामने मागितलेली मेमरी बहुधा लगेच मंजूर करतो. प्रत्यक्ष जागा मात्र वापर सुरू झाल्यावर देतो. सगळ्यांनी एकदम वापर सुरू केला, किंवा एखादा प्रोग्राम घेतलेली मेमरी परत करेनासा झाला, की जागा संपते.

मग कर्नल आवराआवर सुरू करतो आणि मेमरीतील काही मजकूर डिस्कवर हलवतो. डिस्क फार संथ, त्यामुळे संगणक 'हँग' झाल्यासारखा वाटतो. खरे तर तो राबत असतो, पण सारा वेळ सामान हलवण्यातच जातो. एवढ्यानेही भागले नाही तर कर्नल प्रत्येक प्रोग्रामला गुण देतो आणि सहसा सर्वाधिक जागा अडवणाऱ्याला बंद पाडतो. यात अन्यायही होतो. बळी जातो तो मोठा डेटाबेस, म्हणजे घरातला कमावता. गळती मात्र भलत्याच प्रोग्रामची असू शकते.

दुसऱ्या प्रकारचा हँग मेमरी भरपूर असतानाही होतो. एका कामाने एक कुलूप धरून दुसऱ्याची वाट पाहायची आणि दुसऱ्या कामाने नेमके उलटे करायचे. दोन्ही जागच्या जागी. लिनक्समध्ये यावर पहारेकरी आहेत. एखादे काम १२० सेकंद अडकून पडले, किंवा प्रोसेसर सुमारे २० सेकंद कर्नलमध्येच गुंतून राहिला, तर ते तशी नोंद करतात. पण अडकले एवढेच त्यातून नक्की कळते. का अडकले, हे शोधावे लागते. आणि शोध घेणारा कर्नल स्वतःच आडवा झालेला असतो.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्मले, तेव्हा यावर साधा तोडगा होता. गंभीर चूक झाली की यंत्र थांबवायचे आणि कुणीतरी ते पुन्हा सुरू करायचे. एका प्रयोगशाळेपुरते ते ठीक होते. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या सर्व्हरवर रीस्टार्टने सेवा परत येते, पण मेमरीतला पुरावा पुसला जातो आणि तोच हँग पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटतो.

उपाय एकच, बाहेरून पाहायचे. केजीडीबी या साधनात दुसरा संगणक केबलने जोडून अडकलेल्या कर्नलची ओळ न् ओळ तपासता येते. २००० नंतरच्या काही वर्षांत पुण्याच्या अमित काळे यांनी ते सांभाळले आणि वाढवले. मात्र खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांना कर्नलमध्ये असे साधन नको होते. माणूस विचार करायचे सोडून लक्षणांवर मलमपट्टी करू लागतो, असा त्यांचा २००० मधला युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. पण रात्री दोन वाजता बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसलेल्याला तो फारसा पटणार नाही. अखेर जेसन वेसेल यांच्या फेरमांडणीनंतर २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबीला अधिकृत जागा मिळाली.

केडंपची युक्ती वेगळी. विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लितीर्थ आणि एरिक बीडरमन यांचे हे काम २००५ मध्ये लिनक्समध्ये आले. सुरुवातीलाच थोडी मेमरी राखून तिथे दुसरा कर्नल ठेवायचा. पहिला कोसळला की दुसरा जागा होतो आणि मेमरीची प्रत डिस्कवर उतरवतो. राखलेली जागा एरवी रिकामी पडते, म्हणून टंचाई असलेल्या यंत्रांवर ती सोय अनेकदा बंद ठेवली जाते. गरज तिथेच अधिक, हे विसरले जाते.

कीबोर्डवरची 'सिसआरक्यू' कळही उपयोगी आहे. ऑल्टसह ती दाबून 'डब्ल्यू' दाबले की अडकलेल्या कामांची यादी मिळते, 'एम'ने मेमरीचा हिशेब मिळतो, आणि 'सी'ने कर्नल मुद्दाम पाडून केडंपला कामाला लावता येते. बऱ्याच ठिकाणी या आज्ञा मुळात मर्यादित असतात. त्या आधीच सुरू करून, एखाद्या निवांत रविवारी चाचणीच्या यंत्रावर 'सी' दाबून, प्रत खरोखर डिस्कवर उतरते का, ते पाहून ठेवावे.