मूळ आणि मूल

वाचकहो, काशीस गेलात म्हणजे दशाश्वमेध घाटावरून एक नाव करा आणि प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडे चला. चौसट्टी घाट मागे पडला की थोड्याच अंतरावर दगडी पायऱ्यांचा एक भक्कम घाट लागतो. आज त्याला राजा घाट म्हणतात. जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी तो बांधविला. पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर त्यांनी इंग्रजांचे वेतन स्वीकारले, आयुष्याचा उत्तरकाळ उत्तरेत घालविला आणि १८२४ साली काशीतच देह ठेवला.

त्यांच्या आधी आणि नंतरही कितीतरी मराठी कुटुंबे या नगरीत आली व येथलीच झाली. ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत त्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. दारात हिंदी, बाजारात बनारसी बोली आणि माजघरात मराठी, असा त्यांचा संसार. अशा घरातील एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. आजी कुंडीतल्या तुळशीकडे बोट दाखवून नातवाला सांगते, “याचं मूळ खोल गेलंय हो.” नातू तेच शब्द म्हणतो, पण ‘मूळ’चे ‘मूल’ होते. आजी पुन्हा सांगते. तो पुन्हा ‘मूल’च म्हणतो. शेवटी आजी कळवळून म्हणते, “अरे, जीभ जरा वळव की!”

दोष खरोखर जिभेचा आहे काय?

प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. ज्या मुलाचा दिवस शाळेत व गल्लीत हिंदी ऐकण्यात जातो, त्याच्या कानाला ‘ळ’ आणि ‘ल’ ही एकाच वर्णाची दोन रूपे वाटू लागतात. जो भेद कानाला कळत नाही, तो जिभेने कसा पाळावा? आपणही याला अपवाद नाही. ‘हे जग’ यातला ‘ज’ आणि ‘शंभर वर्षे जग’ यातला ‘ज’ एक नव्हे, हे मराठी माणसाला न शिकविता समजते. हिंदीभाषकाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. उलट आपण हिंदी बोलू लागलो की ‘चमचा’ व ‘चाकू’ यांतला ‘च’ दाताशी नेतो, ‘ज्ञान’ला ‘ग्यान’ न म्हणता ‘द्न्यान’ म्हणतो, आणि ‘है’ व ‘हैं’ यांतील नाकातला फरक सहज गिळून टाकतो. ‘पैसा’ आपण ‘पइसा’सारखा म्हणतो, त्याला दिल्लीकर हसेल, काशीकर मात्र हसणार नाही, कारण भोजपुरीतही तो तसाच आहे.

हा भेद कान केव्हा विसरतो, याचा शोध कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस या संशोधकांनी घेतला. १९८४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजीभाषक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखता आले. वर्षाची होईतो बहुतेकांची ती शक्ती ओसरली. म्हणजे मूल जन्मतः सर्व भाषांचे असते. पहिल्या वर्षात त्याचा कान घरच्या भाषेपुरता घडतो. रशियन भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कॉय यांच्या १९३९ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात मातृभाषेला चाळणीची उपमा दिली आहे. परक्या भाषेचे वर्ण त्या चाळणीतून गाळूनच आपल्या कानी येतात.

हे जगभर कसे चालते, ते चिनी माणसाच्या इंग्रजीवरून चांगले समजते. इंग्रजीतील ‘विचार करणे’ या अर्थाचा ‘थिंक’ हा शब्द घ्या. त्याचा आरंभीचा वर्ण जिभेचे टोक दातांना हलकेच लावून, वारा सोडून काढतात. चिनी भाषेत तो नाही, मराठीतही नाही. चिनी माणूस त्याच्या जागी ‘स’ घालतो, आपण ‘थ’ घालतो. दोघेही चुकतात, पण आपापल्या घरच्या वाटेने. आपण ‘प’ व ‘ब’ यांतला भेद कंठातील कंपाने करतो. चिनी भाषेत तो कंप नाही, केवळ श्वासाच्या झोताने वर्ण वेगळे होतात. म्हणून त्यांचा ‘बिग’ आपल्याला ‘पिग’ ऐकू येतो. चिनी शब्दावयव स्वरावर किंवा अनुनासिकावर संपतात. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या शेवटचे व्यंजन कधी गळते, कधी त्याला एक स्वर चिकटतो. सातव्या शतकात वाराणसीस आलेल्या ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूनेही नगरीचे नाव लिहिताना ‘रा’साठी ‘लो’ असे वाचले जाणारे अक्षर योजले. तेव्हा त्याला अडाणी कोण म्हणेल?

आपल्या पूर्वजांनी उच्चाराचा विचार फार बारकाईने केला होता. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची कथा आहे: ‘अरयः’ म्हणजे शत्रू, त्याऐवजी ‘अलयः’ म्हणून ते पराभूत झाले. त्या महाभाष्याच्या परंपरेवर ‘उद्द्योत’ लिहिणारे नागेशभट्ट काशीतलेच, आणि महाराष्ट्रीय. पण पाणिनीय शिक्षेतील उपमा अधिक कोवळी आहे: वाघीण पिलाला दातांत धरते, पण त्याला टोचू देत नाही आणि पडूही देत नाही, वर्ण तसा उच्चारावा. मुलांचा उच्चार सुधारणाऱ्याने हीच रीत मुलांशीही ठेवावी.

ती कशी ठेवाल? मुलाला हसू नका. हसण्याने जीभ वळत नाही, तोंड मात्र मिटते. आधी कान तयार करा. ‘मूळ–मूल’, ‘वेळ–वेल’, ‘काळा–काला’ अशा जोड्या म्हणा आणि कोणता शब्द ऐकला एवढेच विचारा. ओळखू लागला की मग म्हणायला सांगा. आजी, मामा, शेजारीण अशा निरनिराळ्या आवाजांत ऐकवा. १९९१ साली अमेरिकेत जपानी प्रौढांना इंग्रजी ‘र’ व ‘ल’ अनेकांच्या आवाजांत ऐकविले, तेव्हा तेही पूर्वीपेक्षा चांगले ओळखू लागले. म्हणून मोठ्यांनीही निराश होऊ नये.

आणि थोडा घरचा सूर उरलाच तर? १८८३ साली काशीच्या मराठी घराण्यात जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांचे नाव आठवा. घरची भाषा मराठी, तरी १९२० साली निघालेल्या ‘आज’ दैनिकाद्वारे त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावले. दुसरी भाषा आपलीशी करण्यासाठी पहिली पुसावी लागत नाही.

तेव्हा नातू ‘मूल’ म्हणाला तर आजीने रागावू नये. त्याला जवळ घ्यावे, तुळशीची माती थोडी उकरून दाखवावी आणि सावकाश, त्याच्या कानाशी म्हणावे: मूळ.