हुंगण्याची नशा आणि बंदीच्या मर्यादा
पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर यांत टोल्युइनसारखी द्रावकं असतात. हुंगताच ती काही सेकंदांत मेंदूत पोचतात. हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यूही येऊ शकतो. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालात या नशेचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट आढळलं. इतर नशांचं चित्र याच्या उलटं आहे. मग विक्रीच थांबवा, असं कोणी म्हणेल. केंद्राने २०१२मध्ये बाटलीबंद थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी आणली, ती योग्यच. पण सायकलवाल्याचं सोल्युशन कसं थांबवणार? शिवाय फलाटावरच्या मुलाला भूक आणि थंडी हाच वास काही वेळ विसरायला लावतो, तोही जेवणापेक्षा स्वस्तात. म्हणून निवारा, जेवण आणि मुलांसाठी वेगळे उपचार यांवरचा खर्च आधी हवा. दुकानांच्या तपासण्या त्यानंतर.