सायलेन्सर बदलायचाय? आधी ‘कॅट’ समजून घ्या

टर्बो पेट्रोलची दमदार गाडी घेतली की काही महिन्यांत मालकाच्या मनात आवाजाचा विचार घोळू लागतो. कंपनीने गाडीचा गळाच दाबून ठेवलाय, अशी तक्रार असते. मग गॅरेजमध्ये ‘डाउनपाइप’, ‘कॅट-बॅक’, ‘स्ट्रेट पाइप’ असे शब्द कानावर पडतात. कुणी दहा, कुणी वीस हॉर्सपॉवर वाढवून देतो म्हणतो. निवड मालकाची असते, पण मागच्या सीटवरची मुलं आणि रस्त्याकडेच्या घरांतली माणसंही तिचे परिणाम भोगतात.

आपण सरसकट ज्याला सायलेन्सर म्हणतो, ते खरं तर अनेक भागांचं कुटुंब आहे. इंजिनाला लागून मॅनिफोल्ड, मग टर्बो, त्यापुढे डाउनपाइप आणि त्यालगत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा ‘कॅट’. नंतर रेझोनेटर आणि सगळ्यात मागे मफलर. आवाज कमी करण्याचं काम मुख्यतः शेवटच्या दोघांचं. कॅटचं काम वेगळंच आहे.

कॅटच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. तापमान साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की तिथे रासायनिक क्रिया वेग घेतात. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजन ऑक्साइडमधून साधा नायट्रोजन सुटतो. नीट तापलेला, सुस्थितीतला कॅट या तिन्ही प्रदूषकांतला ९० टक्क्यांहून जास्त भाग निकामी करतो. तो कापून टाकला, म्हणजेच ‘डीकॅट’ केला, की हा सगळा भाग थेट हवेत जातो. मागचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग तो दिवा विझवायला संगणकाचं ‘ट्यूनिंग’ करून दिलं जातं. पीयूसीवर भरवसा ठेवू नये, कारण तिथे नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत.

ताकद वाढते का? टर्बो गाडीत टर्बोच्या लगेच पुढचा अडथळा कमी केला तर टर्बो लवकर फिरू लागतो आणि ताकद खरोखर वाढते. नेमक्या त्याच जागी कॅट बसलेला असतो, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. कॅटच्या मागचे पाइप आणि मफलर बदलून मात्र बहुतेक वेळा हाती लागतो तो आवाजच. टर्बो नसलेल्या गाडीत तर ‘भोक मोठं तेवढी ताकद जास्त’ हा हिशेब उलटाही पडतो. धुराचा प्रत्येक झोत आपल्या मागे कमी दाब सोडतो आणि त्याने पुढचा झोत ओढला जातो. पाइप फार रुंद केला की धुराचा वेग मंदावतो, ही ओढ कमी होते आणि शहरातल्या कमी आरपीएमला गाडी ढिली वाटते.

आता आवाज. चार सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा पेट घेते, म्हणजे १०० हर्ट्झचा खर्ज तयार होतो. या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर. तिची पटीत मोजता येणारी मापं गाडीच्या केबिनच्या लांबीशी जुळली की आतली हवाच घुमू लागते. रेझोनेटर मुख्यतः असे ठरावीक सूर मारण्यासाठी असतो. तो काढला की एक्स्प्रेस-वेवर दोन तास डोक्यात घूं-घूं चालते आणि थकवा येतो. गंमत म्हणजे नेहमीचं डीबी(ए) मोजमाप १०० हर्ट्झला जवळपास १९ डेसिबल कमी धरतं, त्यामुळे मोबाइल ॲपवरचा आकडा निरुपद्रवी दिसतो.

बाहेरच्यांना मात्र त्या आवाजातून सुटका नाही. डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही: १० डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेही २०१८ मध्ये रात्रीच्या रहदारीसाठी ४५ डेसिबलचीच शिफारस केली. कारण झोपेत जाग आली नाही तरी आवाजाने हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो, आणि सततच्या रहदारीच्या आवाजाचा हृदयविकाराशी संबंध दिसून आला आहे.

एक धोका फारसा बोलला जात नाही. कापून जोडलेल्या पाइपचं वेल्डिंग कच्चं राहिलं तर धूर गाडीखालीच गळतो आणि केबिनमध्ये शिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गाडीत बसल्यावरच डोकं दुखणं, मळमळ, झापड, आणि उतरल्यावर बरं वाटणं, ही लक्षणं दिसली तर काचा उघडा, गाडी थांबवून मोकळ्या हवेत उतरा आणि डॉक्टरांना दाखवा.

कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज किंवा धुराचे निकष मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीसाठी माझ्या मते योग्य निवड एकच, त्या मॉडेलला कंपनीने स्वतः दिलेला पर्याय. काही गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये झडप असते. ती गावात बंद राहते आणि वरच्या आरपीएमला उघडते. अशी गाडी घेताना टेस्ट ड्राइव्ह सिग्नलपुरती नको. वरच्या गिअरमध्ये २,००० ते ३,००० आरपीएमच्या दरम्यान दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि त्या वेळी घरातल्या कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा, कारण घुमणारा आवाज अनेकदा तिथेच जास्त जाणवतो.