परतीची गाडी

आमच्या अकोल्याला समुद्र नाही. (विदर्भातलं अकोला नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो.) उलट समुद्राशी गावाचं जुनं वैरच म्हणायचं. प्रवरेकाठी ज्यांचा आश्रम आहे त्या अगस्ती ऋषींनी एका आचमनात समुद्र पिऊन टाकला, अशी कथा. आणि विमान म्हणाल, तर कळसूबाईच्या माथ्यावरून सरकत जाणारी पांढरी रेघ, एवढीच आमची ओळख.

त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली, की मुंबईत मरीन ड्राइव्हला समुद्रावर हवाई दलाच्या कसरती होणार, तेव्हा घरात एकदम धांदल उडाली. शुक्रवार १२ ते रविवार १४ जानेवारी, रोज दुपारी बारा ते एक. सूर्यकिरण पथकाची विमानं, सारंगची हेलिकॉप्टरं, आकाशगंगा पथकाच्या पॅराशूटमधून उड्या आणि सुखोई. मुलांनी ‘जायचंच’ म्हणून धरणं धरलं. पण खरं नवल पुढेच होतं. पंचाहत्तरी उलटलेले माझे सासरे, नाना, चष्मा पुसत म्हणाले, "मीबी येतो."

नाना एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीतली काही वर्षं नाशिकला गेली. धुळ्याच्या गाडीवर असताना ओझरवरून जाताना विमान कारखान्यातल्या मिगचा आवाज यायचा, पण स्टिअरिंगवरचा माणूस वर बघणार कसा? पुढे त्याच ओझरला सुखोई बांधू लागले. "आपल्या ओझरचं विमान एकदा नीट बघायचंय," एवढंच त्यांचं मागणं. इकडे रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी आणि अधूनमधून चक्कर. आमचे हे म्हणाले, "नाना, टीव्हीवर छान दिसतं." नाना गप्प बसले. ते गप्प बसले की घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

मग मीच कागद-पेन्सिल घेतली.

गर्दीचं मला कौतुक नाही आणि भीतीही नाही, कारण माझं माहेर भंडारदऱ्याजवळचं शेंडी. मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत आमच्याकडे हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे पेटतात आणि ते बघायला मुंबई-पुण्याची निम्मी मोटारगाडी लोटते. रात्री रस्ता असा तुंबतो की काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवेच जास्त. आणि मध्यरात्री शहरातली एखादी चांगली बाई आईच्या पडवीत येऊन हळूच विचारते, "काकू, बाथरूम आहे का?" कॅमेरा, दुर्बीण, सरबत सगळं आणलेलं असतं, ह्या एका गोष्टीचा विचार कुणी केलेला नसतो. म्हणून माझ्या कागदावर पहिली ओळ तीच होती: नानांना दर तासाला कुठे नेणार?

त्या ओळीनं बाकी सगळं ठरवलं. मुलांना वाळू हवी होती, म्हणजे गिरगाव चौपाटी. पण चौपाटी त्या अर्धवर्तुळाच्या उत्तर टोकाला. तिथून समुद्र दक्षिण-नैर्ऋत्येला दिसतो, आणि जानेवारीत मुंबईत सूर्य बरोबर दक्षिणेला येतो तो पाऊण वाजण्याच्या सुमारास. म्हणजे विमानं आणि ऊन दोन्ही डोळ्यांत. त्यापेक्षा चर्चगेटकडून मरीन ड्राइव्हला उतरावं, कठड्यापाशी बसून वायव्येला तोंड करावं. ऊन डाव्या खांद्यावर येतं. शिवाय चर्चगेट स्टेशन हाकेच्या अंतरावर आणि स्टेशनात स्वच्छतागृह. वाळू रद्द झाली. धाकट्यानं अर्धा दिवस तोंड फुगवलं.

वार कोणता? शुक्रवारी नाशिकला पंतप्रधानांचा दौरा आणि मुंबईत अटल सेतूचं उद्घाटन. त्या दिवशी गर्दीच्या रस्त्यांवर जाण्यात अर्थ नव्हता. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉकची धास्ती, त्यात भोगी. सोमवारची संक्रांत तोंडावर असताना भोगीची भाजी-भाकरी सोडून कुठली सासुरवाशीण विमानं बघायला जाईल? उरला शनिवार. शुक्रवारी दुपारी एसटीनं राजूर, घोटीवरून कसारा, तिथून लोकलनं कल्याणला वन्संकडे मुक्काम, असं ठरलं. म्हाताऱ्या माणसाला एका दिवसात नेऊन आणायचं धाडस करू नये. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घेतल्या; मनानं एकही पुढे-मागे केली नाही.

डब्याला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःचं पाणी, कारण एकाकडेच सगळं दिलं आणि तोच चुकला तर? छत्री नको, मागच्याला दिसत नाही. टोपी आणि ओलं उपरणं. उष्टंखरकटं किनाऱ्यावर टाकायचं नाही, त्यावर घारी-कावळे जमतात आणि पाखरू न् विमान यांची गाठ पडू नये. मुलांच्या खिशात आमच्या नंबरांची चिठ्ठी, आणि चुकामूक झालीच तर भेटायची जागा चर्चगेटची तिकीटखिडकी. गर्दीत मोबाइलवर विसंबून चालत नाही.

हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा नानांनी एकच विचारलं, "परतीचं काय लिवलंय?"

काहीच लिहिलं नव्हतं.

"जायला काय पोरी, कुणीबी जातं. वाटेत माणसं हळूहळू गोळा होत्यात. जत्रा सुटती ती एकदम सुटती. पंढरीच्या जादा गाड्या चालवल्यात मी." त्यांनीच ठरवून टाकलं: दादरला जिने चढायचे नाहीत, सीएसएमटीहून गाडी सुटते, तिथे बसायला जागा मिळते, म्हणून जाणं-येणं तिथूनच. आणि पाऊण वाजता उठायचं. कसरती चालू असल्या तरी.

शनिवारी साडेनवाला आम्ही कठड्यावर होतो. त्या तासाचं काय सांगू! मुलं आवाज येईल तिकडे बघत आणि विमान तिथे नसेच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दीड किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज यायला चारेक सेकंद लागतात. तेवढ्यात ते कितीतरी पुढे गेलेलं असतं. आवाजाच्या पुढे बघायचं, हे कळल्यावर सूर्यकिरणची तांबडी-पांढरी हॉक विमानं सापडायला लागली. पंखाला पंख शिवल्यासारखी. सुखोई आलं तेव्हा छातीत काहीतरी हललं. नानांनी टोपी काढली आणि ते गेल्यावरही बराच वेळ मान वरच ठेवली. मला वाटलं चक्कर आली. जवळ जाऊन बघितलं तर डोळे भरलेले.

आणि पाऊण वाजता ते उठले.

मोठी लेक आठवीत. ती रडली, भांडली. "अजून पंधरा मिनिटं! एवढ्या लांबून आलो!" खरं सांगते, मलाही उठवत नव्हतं. पण नाना काठी टेकत चालू लागले होते. सीएसएमटीला सगळ्यांना बसायला जागा मिळाली. लेक कल्याणपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली आणि पुढे कितीतरी महिने, कुणी विषय काढला की म्हणायची, "आम्ही शेवट पाहिलाच नाही."

मग ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईची बातमी आली. हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. त्या वर्धापनदिनानिमित्त रविवारी ६ तारखेला मरीना किनाऱ्यावर अकरा ते एक कसरती होत्या. गर्दी पंधरा लाखांच्या घरात असल्याचं छापून आलं. डोक्यावर ऊन, प्यायला पाणी मिळेना, आणि संपल्यावर सगळे एकदम निघाले. स्टेशनांवर पाय ठेवायला जागा नाही. पाच माणसं गेली. घरून हौसेनं निघालेली. लेकीनं बातमी मोठ्यानं वाचायला घेतली आणि मध्येच थांबली. पेपर घडी करून नानांच्या खाटेवर ठेवला आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

मेच्या सुट्टीत मुलांनी पुन्हा टुमणं लावलं, की उन्हाळ्यात का नाही होत असं काही? आपल्याकडे मेमधली दुपार किनाऱ्यावर कोण सोसणार, आणि जूनमध्ये पाऊस, हे त्यांना पटत नाही. कारण माझा भाचा शिकागोला असतो. तिथे नॉर्थ अव्हेन्यूच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये फुकट हवाई कसरती होतात, १९५९ पासूनची प्रथा आहे. लोक तळ्याच्या वाळूवर सतरंज्या टाकून बसतात. परवा त्यानं फोनवर नानांनाच आवतण दिलं, "आजोबा, याच एकदा इकडे."

नानांनी फोन कानापासून लांब धरून मला विचारलं, "तिथनं परतीची गाडी किती वाजता हाय, तेवढं इचार त्याला."