सुट्टीतील चित्रवर्ग : वयाचे भान हवे

वार्षिक परीक्षा संपताच शहरांत चित्रकलेच्या उन्हाळी वर्गांचे फलक झळकू लागतात. पंधरा दिवसांत पाल्याने सुबक चित्र काढावे, अशी पालकांची अपेक्षा असते. मात्र मुलांची चित्रभाषा वयानुसार बदलते. ऑस्ट्रियात जन्मलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मधील ग्रंथात या अवस्था विशद केल्या.

सात ते नऊ वर्षांचे मूल दिसते ते नव्हे, तर ठाऊक असते ते रेखाटते. म्हणूनच त्याच्या चित्रातील घराच्या भिंतीतूनही आतली माणसे दिसतात. ती चूक नव्हे. या वयात फळ्यावरचे निसर्गचित्र उतरवण्यापेक्षा मातीकाम, कोलाज, भेंडी-बटाट्याचे ठसे उपयुक्त ठरतात.

नवव्या वर्षानंतर मूल आपल्या चित्राची वास्तवाशी तुलना करू लागते आणि 'मला जमत नाही' म्हणत अनेकदा कागद कायमचा बाजूला सारते. नेमके तेव्हाच वस्तूचे निरीक्षण, छायाप्रकाश, यथार्थदर्शन यांचे मार्गदर्शन मोलाचे ठरते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांची तयारीही त्यानंतरचीच.

वर्ग निवडताना पालकांनी तेथील भिंतीवरची चित्रे पाहावीत. सगळी एकसारखी असतील, तर ती मुलांची नव्हेत, शिक्षकांची होत.